राणी पडली तो भाग

रंकाळ्याच्या अलीकडच्या पेठेत एक गल्ली अशी आहे, की दोन मोटरसायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावंच लागतं. त्या गल्लीच्या तोंडाला आकाराम पोवारांचं घर. घर पुढं आणि तबेला मागं. घरफाळ्याच्या पावतीवर त्याला पत्र्याची शेड म्हटलंय, पण चाळीस वर्षांत तिथं घोडं नाही असा दिवस उगवलेला नाही. गल्लीत त्यांना कुणी आकाराम म्हणत नाही. घोडेवाले आप्पा म्हणतात.

आप्पांचे वडील गगनबावड्याकडच्या एका वाडीवरनं कोल्हापुरात आले आणि टांगा हाकू लागले. पुढं आप्पांनीही तोच टांगा हाकला. रिक्षा आल्या तशी टांग्यांची सद्दी संपली. बरोबरीच्या टांगेवाल्यांनी घोडी विकली. कुणी रिक्षा घेतली, कुणी कारखान्याच्या गेटवर वॉचमन झालं. आप्पांना काही ते जमलं नाही. "रिक्षाला भूक लागती व्हय? तिला राग येतोय व्हय? मग तिच्यासंगं बोलायचं काय?" असं त्यांचं म्हणणं. त्यांनी टांगा मोडीत काढला आणि घोडं ठेवलं. वराती केल्या, मिरवणुका केल्या, आणि मोरेवाडीच्या माळावर चित्रनगरीत शूटिंगं वाढली तशी तिकडंही घोडी न्यायला लागले.

सध्याची घोडी साखरी. ती शिरोळच्या एका बागायतदाराची होती. महापुरात दोन दिवस छातीभर पाण्यात उभी राहिली, आणि पूर ओसरल्यावर मालकाचंच मन उडालं. आप्पा तिला घेऊन आले तेव्हा तिच्या फऱ्यावरचं कातडं सोलवटलेलं होतं. आक्कांनी, म्हणजे आप्पांच्या मंडळींनी, दोन महिने हळद आणि खोबरेल लावून ते भरून आणलं. आता ती इतकी पांढरी दिसते, की वरातीत नवऱ्यामुलाच्या आधी लोक तिचे फोटो काढतात. फक्त पाण्याच्या पाइपचा आवाज तिला अजून चालत नाही.

गेल्या दिवाळीनंतर चित्रनगरीत ताराराणींवरच्या मालिकेचं काम सुरू झालं. मालिकेचं नाव भलंमोठं होतं, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळी पेठ नुसतं 'ताराराणी' म्हणायची. राणीला पांढरी घोडी पाहिजे होती. सांगली-मिरजेपासून घोडी बघून झाल्यावर निवड साखरीची झाली, तेव्हा आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. आपल्या घोडीवर राणी बसणार, याचा त्यांना एवढा आनंद झाला की राणी कोण होणार हे विचारायचंच राहून गेलं.

राणी होणार होती तेजस्वी नावाची पोरगी. अकोल्याकडची, चोवीस वर्षांची, अंगानं काडी. पहिल्या दिवशी ती साखरीला हात लावायला मागच्या बाजूनं निघाली आणि आप्पा ओरडले, "ए बाई! मागनं येऊ नगंस, लाथ बसंल!"

सेटवरची माणसं जागच्या जागी थिजली. नायिकेवर असं कुणी ओरडत नाही. तेजस्वी मात्र मुकाट्यानं वळसा घालून पुढं आली आणि साखरीपुढं दोन्ही हात जोडून उभी राहिली. "ताई, सॉरी," म्हणाली. घोडीला.

त्या दिवसापासून तीन आठवडे रोज सकाळी साडेसहाला शिकवणी सुरू झाली. सुरुवातीला आप्पांचं मत काही बरं नव्हतं. एसटीत उभं राहिलेल्या माणसानं वरचा दांडा धरावा तसा ती लगाम धरायची. घोडी दुडकीला लागली की डोळे मिटायची. घरी येऊन आप्पा आक्कांना म्हणायचे, "माझ्या साखरीचं तोंड फाटतंय बग आता. ह्या पोरीनं आरशात बघून राणी व्हावं, घोड्यावर न्हाय."

पण पोरगी एक दिवस चुकली नाही. मांड्यांची सालटी निघाली तरी आली. आक्कांनी खोबरेल तेलात कापूर घालून बाटली पाठवली. मग ती बाटली परत द्यायच्या निमित्तानं तेजस्वी एकदा घरी आली. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं आक्का म्हणाल्या, "बस, मी च्या करतो." 'करतो' ऐकून ती चपापली, आणि मग तिला इतकं हसू आलं की आक्काही हसायला लागल्या. तिथनं ती आप्पांना मामा म्हणू लागली.

आप्पा तिला नुसतं बसायला शिकवत नव्हते, घोडं ओळखायला शिकवत होते. खोगीर पोटाखालनं ज्या पट्ट्यानं बांधतात त्याला तंग म्हणतात. आप्पांनी तिला सांगितलं, "घोडं लई लबाड असतंय. तंग आवळताना प्वाट फुगवून धरतंय. चार पावलं चाललं की श्वास सोडतंय आणि पट्टा ढिला. म्हणून तंग दोनदा आवळायचा. आणि बसणाऱ्यानं चढायच्या आधी पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघायची. मोतद्दारावर, म्हंजे घोडं सांभाळणाऱ्यावर, इस्वास ठेवायचा न्हाय. माझ्यावर बी न्हाय."

मालिका सुरू झाली आणि रात्री आठ वाजता गल्ली ओस पडायला लागली. पुरुषमंडळी गल्लीतल्या तालमीच्या वरच्या खोलीत बसायची, बायका आप्पांच्या घरात, कारण टीव्ही मोठा आणि घोडी घरची. भाग संपला की खरी मालिका सुरू व्हायची, ती म्हणजे वादाची.

तालमीचे अध्यक्ष उदयसिंह यांना राणी पसंत नव्हती. पन्नाशीचा, मोडलेल्या कानाचा हा पैलवान गडी. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून त्यानं कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा पाहिला होता आणि आजही त्या पुतळ्यावरनं जाताना गाडी हळू करून हात जोडतो. "आमची राणी कशी पायजे? बघितल्यावर गनिमाचं पाणी व्हायला पायजे," तो म्हणायचा. "ही तर वाऱ्यानं उडून जाईल. आणि आवाज? कॉलेजातल्या गॅदरिंगमधी बोलल्यागत."

त्याच्या शेजारी बसायचे रुद्रय्या गुरुजी. मूळचे कुरुंदवाडचे, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं दुखणं वेगळं होतं. "पंचविशीतली विधवा बाई, पदरात चार वर्षांचं पोर आणि समोर औरंगजेब. त्या बाईनं सात वर्षं त्याला दमवलं. आणि हे लोक काय दाखवतात? सवतींची भांडणं! तीन भाग झाले, अजून दागिन्यांवरनं रुसवाच चाललाय." गुरुजी रागावले की मध्येच कानडीत शिरायचे, मग कुणाला काही कळायचं नाही.

बायकांच्या बैठकीत नेमकी तीच भांडणं आवडीनं बघितली जायची. आक्कांना मात्र राणी पोराला झोपवते ते प्रसंग आवडायचे. "लढाई काय, समद्यांनी बघितलीया," त्या म्हणायच्या. "पण निरोप घेऊन जासूद दाराशी उभा आणि मांडीवर पोर जागं, तवा तिनं काय केलं असंल, ते दाखवतंय का कोण?" सून निशिगंधा पतसंस्थेत कामाला. तिला राणी सरदारांना उभ्या उभ्या हुकूम सोडते ते आवडायचं. असा प्रसंग आला की ती भाजी निवडायची थांबायची.

आप्पांना कुणी विचारलं, तर ते म्हणायचे, "मी साखरीला बघतो." हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. तेजस्वीचं खोगिरावरचं बसणं आता सुधारलं होतं, पाठ ताठ झाली होती, हे त्यांना दिसत होतं आणि मनातनं बरंही वाटत होतं. पण तालमीत तसं म्हणायची सोय नव्हती. 'आप्पा नटीवर भाळले' असं लगेच चालू झालं असतं. म्हणून उदयसिंह नावं ठेवायला लागला की ते चहा ढवळत बसायचे.

फेब्रुवारीत पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका माळावर मोठं शूटिंग लागलं. राणी उतारावरनं भरधाव येते, तलवार उपसते आणि झाडापाशी वळते, एवढाच प्रसंग. त्या दिवशी आप्पांचे गावाकडचे पावणे शूटिंग बघायला आले होते. आप्पांनी सकाळी खोगीर चढवलं, तंग आवळला, साखरीला फिरवून आणली आणि पावण्यांना सगळं दाखवायला घेतलं. हा कॅमेरा, हा खोटा बुरूज, ह्याला हात लावून बघ, थर्माकोल हाय. पावणे थक्क होत होते, आप्पा फुलत होते. एवढ्यात हाक आली, "घोडी आणा!" आप्पा लगबगीनं गेले, साखरीला पुढं केली, तेजस्वीला रिकिबीत पाय ठेवायला हात दिला आणि परत पावण्यांकडं आले.

तंग दुसऱ्यांदा आवळायचा राहिला.

उतार तिनं झकास काढला. पावणे म्हणाले, "आयला, राणी हाय की!" आणि झाडापाशी वळताना खोगीर डावीकडं सरकलं. आप्पांनी ते सरकताना पाहिलं. काय झालं हे माळावरच्या शंभर माणसांत त्या क्षणी फक्त त्यांना कळलं. तेजस्वी तलवारीसकट खाली गेली, दगडावर कोपर आपटलं, धूळ उडाली. साखरी दहा हातांवर जाऊन थांबली.

माणसं धावायच्या आत पोरगी उठली. कोपरातनं रक्त ठिबकत होतं. ती लंगडत साखरीकडं गेली, आधी तिच्या चारी पायांवरनं हात फिरवून बघितलं, मग मानेवर थोपटलं. मग कासोटा खोचला, तलवार उचलली आणि टेकून पुढं चालू लागली. कॅमेरा चालूच होता. दिग्दर्शक टाळ्या वाजवत आला, "हे ठेवायचं! असंच्या असं ठेवायचं!"

डॉक्टरनं चार टाके घातले. दिग्दर्शकानं विचारलं, "नक्की झालं काय? आप्पा?"

आप्पांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी तेजस्वी बोलली, "माझा तोल गेला. वळताना जास्त झुकले." बोलताना तिची नजर साखरीच्या पोटाखाली लोंबणाऱ्या पट्ट्यावर होती. मग तिनं आप्पांकडं पाहिलं आणि दुसरीकडं मान वळवली. आप्पा गप्प राहिले. पावण्यांना गाडीत बसवून दिलं, घरी आले आणि त्या दिवशी जेवण नको म्हणाले.

तो भाग मार्चमध्ये, एका मंगळवारी दाखवला. पडणं, उठणं, घोडीचे पाय चाचपणं, सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत नुसता गोंधळ.

"आमची राणी घोड्यावरनं पडती?" उदयसिंहचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता. "ज्या राणीनं दिल्लीच्या बादशहाला पाणी पाजलं, ती झाडाला वळताना पडती? ह्यो अपमान हाय!"

गुरुजी म्हणाले, "ती पडल्याचं मी कुठं वाचलेलं नाही. पण कधीच पडली नाही, असंही कुठं लिहिलेलं नाही, उदयसिंह."

"गुरुजी, तुमी तर बोलूच नगा!"

प्रकरण मोबाइलवर गेलं. त्या पडण्याचा तुकडा कापून लोकांनी इकडून तिकडं पाठवला. कुणी 'काडीपेटी राणी' म्हटलं, कुणी त्याहून वाईट. निशिगंधा संध्याकाळी वाचून दाखवायची आणि मध्येच थांबायची; पुढचं सासऱ्यांसमोर वाचण्यासारखं नसायचं. 'पडून उठलेली राणी आम्हाला जवळची वाटली' असंही पुष्कळ बायकांनी लिहिलं होतं, पण शिव्यांचा आवाज मोठा असतो. तेजस्वीच्या आईनं अकोल्याहून रडत फोन केला, परत ये म्हणून, हे सेटवर सगळ्यांना कळलं.

शनिवारी उदयसिंह वाहिनीला द्यायच्या निवेदनाचा कागद घेऊन आप्पांच्या दारात आला. त्यात लिहिलं होतं की तो भाग पुन्हा दाखवू नये, नटीनं कॅमेऱ्यासमोर हात जोडून माफी मागावी, आणि घोडेस्वारी येत नसलेल्या बाईला काढून टाकावं.

"आप्पा, पयली सही तुमची," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात मानच होता. "घोड्यातलं तुमच्याइतकं कळणारं माणूस ह्या कोल्हापुरात न्हाय. तुमी फकस्त एवढं म्हणा, की त्या पोरीला बसता येत न्हाय. बास."

आप्पांनी खिसे चाचपले. "चष्मा आत ऱ्हायला," म्हणाले. चष्मा कपाळावर होता. उदयसिंहनं तो पाहिला, पण चष्म्याचं नाव न काढता तो म्हणाला, "उद्या नऊला तालमीत या. समद्यांसमोर करू."

आत आक्का भाकरी थापत होत्या. आप्पा चुलीशेजारी पाटावर बसले आणि जे झालं होतं ते त्यांनी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. पावणे, थर्माकोल, हाक, पट्टा. सांगताना त्यांचा आवाज बारीक होत गेला. आक्कांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"म्हंजे तिनं तुमची चूक पदरात घेतली."

"व्हय."

"आणि तिच्याच नावानं शिमगा चाललाय, ते तुमी चार दिस झालं ऐकतासा."

"अगं, पन्नास वर्सांत माझ्या हातनं कोण पडलं न्हाय. वरातीत दारू पिऊन बसल्यालं नवरं सुदीक पडलं न्हाईत."

"मग आता पडली. सही करणार हाईसा?"

"छ्या! सही कशाला करू?"

"आणि बोलणार?"

आक्कांनी भाकरी उलटली. "मी तुमच्याबरुबर सत्तेचाळीस वर्सं काढलो," त्या म्हणाल्या. "उद्या नऊ वाजता तुमी गप बसलासा, तर ती बी सहीच."

रविवारी तालमीच्या पटांगणात चाळीसेक माणसं जमली. बायका सहसा तालमीच्या आवारात येत नाहीत, पण त्या दिवशी फाटकाशी आक्का, निशिगंधा आणि गल्लीतल्या आणखी सात-आठजणी उभ्या होत्या. उदयसिंहनं निवेदन वाचून दाखवलं आणि आप्पांपुढं पेन केलं.

आप्पा उठून उभे राहिले. टोपी काढली, परत घातली.

"त्या पोरीला बसता येतंय," ते म्हणाले. "चांगलं बसता येतंय. ती पडली माझ्यामुळं. तंग दुसऱ्यांदा आवळायचा असतोय, ते पावण्यांच्या नादात मी इसरलो. तिला ते दिसलं, तरी तिनं माझं नाव घेतलं न्हाय. मी बी गप ऱ्हायलो. लाज वाटली म्हणून. माफी कुणी मागायची असंल, तर माझी लिवा."

मग मागनं कुणीतरी खिदळलं, "आप्पा, म्हातारं झालासा!" दोघं-तिघं हसले. उदयसिंह हसला नाही. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. घोड्यातला देव मानलेल्या माणसानं असं करावं, याचा त्याला राग आला होता की दुःख झालं होतं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"आप्पा, एवढे दिवस आमाला ओरडू दिलासा?"

"दिला. चुकलं."

"बरं, तिची चूक नसंल. पण पडलेली दाखवली कशाला? कापायचं की ते!"

तेव्हा फाटकातनं निशिगंधा बोलली. तालमीत बोलायची तिची पहिलीच वेळ. "गेल्या साली मी रंकाळ्यापाशी स्कूटरवरनं पडलो. गुडघा फुटला होता. पण पडल्या पडल्या मी पयल्यांदा काय केलो म्हायताय? ओढणी सावरलो आणि कोण बघितलं का, ते बघितलो. ही पडल्यावर आधी घोडीचे पाय बघती. मी तो भाग दोनदा बघितला, काका. मला त्यात अपमान दिसला न्हाय."

गुरुजी हळूच म्हणाले, "हौदु, हौदु." मग मराठीत, "पोरगी बरोबर सांगते."

वाद काही तिथं मिटला नाही. तासभर चालला. कुणी म्हणालं, इतिहासात नाही ते दाखवायचंच कशाला. कुणी म्हणालं, मग अंगाईगीत तरी कुठल्या बखरीत आहे. शेवटी अकराजणांनी सही केली, बाकीचे चहाला गेले. उदयसिंहनं निवेदन नेलंच. पण नेण्याआधी खिशातलं पेन काढून नटीची माफी आणि तिला काढण्याची मागणी या दोन ओळींवर त्यानं स्वतःच्या हातानं काट मारली. पुढं दोन महिने तो आप्पांशी बोलला नाही.

गल्लीत बोललेलं चित्रनगरीत पोचायला दुपारही होत नाही. सोमवारी मालिकेच्या व्यवस्थापकाचा फोन आला, तूर्तास येऊ नका, मिरजेहून दुसरा माणूस बोलावलाय. घोडी तेवढी टेंपोतनं पाठवा. आप्पांनी साखरीला खरारा केला, टेंपोत चढवली, मिरजेच्या माणसाला तिच्या पाण्याच्या पाइपचं सांगितलं. टेंपो गेल्यावर रिकाम्या शेडमध्ये बराच वेळ झाडलोट करत राहिले. आठ दिवस असे गेले. आक्का त्या आठ दिवसांत त्यांना एका शब्दानं काही म्हणाल्या नाहीत, फक्त रोज काहीतरी त्यांच्या आवडीचं रांधत राहिल्या.

नवव्या दिवशी परत बोलावणं आलं, पण अट घालून. आप्पांनी तंग आवळल्यावर एक सहायक पोरगी दोन बोटं घालून तपासणार आणि कागदावर खूण करणार. आप्पांना ते झोंबलं. पण गेले.

तेजस्वी साखरीला गूळ चारत उभी होती. आप्पा तिच्यापुढं गेले आणि टोपी काढली. "बाई, माजं चुकलं. तुला लई ऐकून घ्यावं लागलं."

"मामा, टोपी घाला आधी."

"तू का न्हाय सांगितलंस?"

तिनं उरलेला गूळ साखरीपुढं धरला. "खरं सांगू? तुमचं नाव सांगितलं असतं, तर साखरी बदलली असती. दुसऱ्या घोडीवर बसायची माझ्यात हिंमत नव्हती. आणि दोन बोटं घालून मीसुद्धा बघितलं नव्हतं ना. तुम्ही शिकवलं होतंत."

"आईला तुझ्या वाईट वाटलं म्हणं."

"वाटलं. पण तिला खरं कळलं असतं, तर तिनं अकोल्याहून तुम्हाला शिव्या दिल्या असत्या. तुम्हाला तिचा आवाज माहीत नाही."

आप्पा हसले. किती दिवसांनी, ते आक्कांनी संध्याकाळी विचारलं तेव्हा त्यांना सांगता आलं नाही.

मालिका मे महिन्याच्या शेवटी संपली. निघायच्या आदल्या दिवशी तेजस्वी दुपारी जेवायला आप्पांच्या घरी आली. गल्लीतल्या बायका आधी दारात, मग सोप्यात, मग थेट ताटाशेजारी आल्या. एवढे दिवस आपापसांत भांडून झालेलं सगळं आता तिच्या तोंडावर आलं. सवतीला तू माफ करायला नको होतंस. न्हाय गं, बरोबर केली ती. रडताना खरी रडतीस का डोळ्यांत काय घालत्यात? आक्कांनी विचारलं, "पोराला झोपवताना तू खरंच गुणगुणत होतीस न्हवं?" ती म्हणाली, "पोरगं खरंच झोपलं होतं आक्का. तीनदा शूटिंग थांबवावं लागलं." यावर सोपा हसून हसून लोळला.

जेवण होता होता उदयसिंह दारात आला. हातात नारळ आणि एक गुंडाळलेलं पातळ. आप्पांकडं न बघता तो तेजस्वीला म्हणाला, "माझं मत बदललं न्हाय. तो भाग दाखवायला नको होता."

"नका बदलू," ती म्हणाली.

"पण आमच्या घरातल्या तिघींचं मत येगळं हाय. ही त्यांची भेट." त्यानं नारळ आणि पातळ तिच्या हातात दिलं, आणि जाता जाता आप्पांना म्हणाला, "गणपतीच्या मिरवणुकीला अवंदा घोडं पायजे. बघा."

"बघतो," आप्पा म्हणाले.

रिक्षा आली. तेजस्वी मागं जाऊन साखरीच्या मानेला गाल लावून आली, आक्कांच्या पाया पडली आणि गेली. रिक्षा गल्लीतनं वळायच्या आतच बायकांत सुरू झालं.

"टीव्हीत जास्ती गोरी दिसती न्हाय?"

"छ्या! हितंच बरी दिसली. टीव्हीत थकल्यागत वाटायची."

"थकणारच की, लढाई करत होती ती."

"लढाई कसली, निम्मं रुसण्यातच गेलं…"

आप्पांनी सोप्यातली ताटं गोळा केली आणि साखरीला वैरण टाकायला मागं गेले.